शेवटच्या रांगेतल्या चार कुंड्या

१

तीन हजार रोपं मेली होती आणि एकाही रोपावर जखम नव्हती.

मला झाडांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मुख्य कार्यालयाचा चौकशी अधिकारी. हरवलेल्या फायली, गायब झालेली यंत्रं आणि खोट्या हजेऱ्या यांत माझी उभी हयात गेली. निवृत्तीला सात महिने उरले असताना कुणाच्या तरी डोक्यात आलं की ह्याला एका उघड्याबोडक्या टेकडीवर चढवावं. माझे गुडघे अजून त्या माणसाला शिव्या देताहेत.

चाळीस वर्षं खोदून खोदून त्या टेकडीची वरची माती गेली होती. खाली उरली होती ती विटेसारखी कडक जमीन. तिच्यात रांगेनं खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एक वाळकी काडी. मी एक काडी ओढली, तर ती सहज हातात आली. मुळं बोटभरही वाढलेली नव्हती.

"आता पलीकडे चला," माझ्याबरोबरच्या बाई म्हणाल्या. त्या इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना सगळे बुरशीबाई म्हणत, मागेही आणि तोंडावरही.

पलीकडच्या उतारावर सहा वर्षांपूर्वीची लागवड होती. झाडं दोन पुरुष उंच. आत शिरल्याबरोबर कोळ्याचं जाळं माझ्या तोंडाला चिकटलं. पायाखाली पाल्याचा थर होता आणि आम्ही आलो म्हणून वर कुठला तरी पक्षी संतापून ओरडत होता.

"इथे पहिल्या वर्षी मुंगीसुद्धा नव्हती. आता पक्ष्यांच्याच एकतीस जाती आहेत," बाई म्हणाल्या. "टेकडी तीच, झाडांच्या जाती त्याच, खड्डेही तसेच."

"मग फरक कशाचा?"

"विरजणाचा."

त्यांनी जे समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. जंगलातल्या झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते. मूळ पोचत नाही तिथे हिचे बारीक धागे पोचतात, जमिनीतलं अन्न शोधून झाडाला आणून देतात. झाड बदल्यात तिला साखर देतं. चांगल्या जमिनीत हा संसार आपोआप जमतो. मेलेल्या जमिनीत बुरशी बाहेरून द्यावी लागते, नाहीतर रोप उपाशी मरतं. आणि ही बुरशी बाटलीत वाढत नाही, तिला जिवंत मुळंच लागतात. म्हणून बाई ती कुंड्यांत, गवताच्या मुळांवर सांभाळत होत्या. दर वर्षी कुंडीतली अर्धी माती काढून रोपांना द्यायची, अर्धी पुढच्या वर्षासाठी ठेवायची. म्हणून विरजण.

"खालच्या दरीत तीन एकर जुनं जंगल होतं. तिथली माती मी स्वतः आणली," बाई म्हणाल्या. "आता तिथे धरणाचं पाणी आहे. त्या जंगलाचं विरजण जगात फक्त माझ्या चाळीस कुंड्यांत होतं."

"होतं?"

"गेल्या महिन्यात कुंड्यांतल्या गवताची मुळं तपासली. एकाही मुळात एक धागा नाही. साहेब, कुणीतरी ते मारलंय. आणि सोमवारी शेड रिकामी करणार आहेत."

त्या दिवशी गुरुवार होता.

२

प्रकल्पाचे संचालक एवढे बारीक होते की खुर्ची रिकामीच वाटायची. आवाज मात्र भरदार. त्यांच्या मागच्या भिंतीवर पाणीबचतीचं मानपत्र होतं आणि त्याखाली उतरत जाणारा एक आलेख. मी तिकडे पाहिलं एवढ्यानंच ते खुलले.

"दीड वर्षात निम्मं पाणी वाचवलं. एक थेंब वाया जाऊ देत नाही मी."

"अभिनंदन. कुंड्यांचं बोलू या."

"त्यात काय बोलायचं? सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे." त्यांनी एक पत्र माझ्याकडे सरकवलं. एका खासगी कंपनीनं बाईंना लिहिलं होतं, की विरजण आम्हाला द्या, तुम्हाला स्वतंत्र प्रयोगशाळा बांधून देतो. "आठ महिने हे त्यांच्या खणात पडून होतं. खरं विरजण तिकडे गेलं आणि कुंड्यांत राहिली वाळू. शेडच्या किल्ल्या दोनच. एक बाईंकडे, एक झारीकाकाकडे. आणि झारीकाकाला बुरशी कशाशी खातात तेसुद्धा माहीत नाही."

"बाईंनी होकार दिल्याचा कागद?"

"असले कागद कुणी जपून ठेवतं का?"

"मग हा का ठेवला?"

संचालकांनी पंख्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "हे बघा, मंगळवारी पाहुणे येताहेत. सोमवारी सकाळी मला अहवाल हवा, दुपारपर्यंत सगळ्या कुंड्यांतली माती वाफवून, फेकून शेड मोकळी हवी. नाव कुणाचं घालायचं ते तुम्हाला आता कळलंच आहे."

मी पिशवीतून चौकशीचा छापील फॉर्म काढला. हा फॉर्म मी पस्तीस वर्षं भरतोय आणि पस्तीस वर्षं त्याचा तिटकारा करतोय. सगळ्यात खाली एक रकाना आहे: 'जबाबदार व्यक्तीचे नाव (एकच)'. ज्यानं तो छापला त्याला बहुतेक भावंडं नसावीत.

३

शेड जाळीची होती. दारावर लाल पाटी: 'खत घालू नये. औषध फवारू नये.' आत दहादहाच्या चार रांगांत चाळीस कुंड्या.

मला वाटलं होतं, सगळं वाळून कोळ झालेलं असेल. प्रत्यक्षात गवत कंबरेएवढं होतं आणि हिरवंगार. इतकं ठणठणीत प्रेत मी जन्मात पाहिलं नव्हतं.

झारीकाका पाणी घालत होते. साठीचा काटक माणूस, हातात पत्र्याची झारी, तोंडाला कुलूप.

"किती वर्षं झाली इथे?" मी विचारलं.

"पंधरा."

"कुणी विषारी औषध टाकलं असेल?"

त्यांनी बोलण्याऐवजी एका कुंडीकडे बोट केलं. कडेनं मुंग्या अंडी तोंडात धरून चालल्या होत्या. मी नाक दाबून माती उकरली, तर एक गांडूळ वैतागून आत सरकलं. त्याचा वैताग मला समजला. म्हणजे विष नाही. मातीच्या तपासणीतही विष सापडलं नव्हतं. कुणी माती तापवली म्हणावं, तर गांडूळ शिजलं असतं.

"आतली माती काढून कुणी वाळू भरली असेल?"

काकांनी एक कुंडी आडवी करून अलगद उपसली. गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट होतं की मातीनं कुंडीचाच आकार धरला होता. "दर वर्षी वरची अर्धी तेवढी बाई काढतात. खालचं हे असं राहतं. हे काढलं तर परत बसवता येतं का, तुम्हीच सांगा."

झालं. संचालकांचा सूर्यप्रकाश मावळला आणि मी परत अंधारात.

काका बोलता बोलता प्रयोगशाळेमागच्या पिंपाकडे फेऱ्या मारत होते. पिंपाचा तळ लागला तेव्हा शेवटची झारी त्यांनी नळावर भरली.

"आणि ह्या चार?" मी विचारलं. शेवटच्या रांगेच्या टोकाला चार कुंड्यांतलं गवत पिवळं आणि गुडघ्याएवढंच होतं.

"मरतुकड्या आहेत त्या. आधी बाकीच्यांसारख्याच होत्या. वर्षा-दीड वर्षात त्या वाढल्या, ह्या मागे पडल्या. पाणी मी सगळ्यांना सारखंच देतो हां, माझा हात आखडता नाही."

"बाई काय म्हणतात?"

"आजारी कुंडीचं विरजण रोपांना द्यायचं नाही आणि नमुनाही तिचा घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. नमुना पहिल्या रांगेतून." काकांनी झारी खाली ठेवली. "पाहुणे यायच्या आत ह्या चार तर आधी काढ म्हणालेत साहेब. डोळ्याला बरं दिसत नाही."

४

भांडार सांभाळणारी बाई ताठ बसली होती. वय चाळिशीचं, चष्मा दोरीला बांधलेला.

"बुरशीबाई तुमच्या कोण?" मी विचारलं, कारण तसं कानावर आलं होतं.

"वहिनी. सख्ख्या भावाची बायको. एकाच घरात राहतो आम्ही."

"पण इथे बोलत नाही म्हणे."

"इथे चिठ्ठ्या पाठवतो. घरी बोलतो."

"घरी काय बोलता?"

"दार लाव. दिवा मालव. झालं."

तीन वर्षांपूर्वी वहिनीच्या शब्दावर तिला ही नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं एक बाटली कमी दिली, तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला साध्या बाटल्या मोजता येत नाहीत." त्या दिवसापासून तोंडं बंद. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करायची?

तिनं कपाटाखालून धुण्याच्या पावडरीचं एक रिकामं खोकं ओढलं. आत तीन वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, तारखेनं लावलेल्या. "बघा, माझी वहिनी मला काय काय लिहिते."

मी पुरावा म्हणून वाचायला घेतल्या आणि अर्ध्या तासानं हसू दाबत बसलो. 'कापडं मागितली होती, चिंध्या नव्हे.' 'बाटल्यांची बुचं उंदरांनी नेली का?' 'साबणाच्या पाण्यानं काचेवर थर राहतो. ते बंद करून चांगली पावडर मागवा. काच लख्ख हवी.' 'तुमचं अक्षर वाचायला मला सूक्ष्मदर्शक लागतो.' बारीक अक्षर वाचणं हाच माझा धंदा असल्यामुळे मी खोक्यावर छापलेलंही वाचलं. रसायनांच्या यादीत फॉस्फेट तेवढं ओळखीचं निघालं, कारण शाळेत त्याच धड्यानं मला नापास केलं होतं.

"खत?" मी विचारलं.

तिनं आतल्या खोलीचं दार उघडलं. खताच्या गोण्या शिवलेल्या होत्या, वर बोटभर धूळ. "लाल पाटी लागल्यापासून एक मूठ बाहेर गेलेली नाही."

"वहिनींनी विरजण विकलं असेल का?"

मला वाटलं, आता ही बाई तीन वर्षांचं उट्टं काढणार. तिनं चष्मा उतरवला. "ती तोंडाळ आहे. मला माणसात धरत नाही. पण माझा भाचा, तिचा स्वतःचा मुलगा, तापानं फणफणला होता तेव्हा त्याला माझ्या मांडीवर टाकून ती सकाळी इथे कुंड्या बघायला आली होती. तिला मी त्यासाठी कधी माफ करणार नाही. पण ती कुंड्या विकेल? काहीतरीच!"

"मग कुणी केलं हे?"

"ते शोधायलाच तुम्हाला बोलावलंय ना?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

५

शनिवारी दुपारपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. विष नाही, आग नाही, चोरी नाही, खत नाही. चार माणसं, आणि चौघांनीही आपापलं काम चोख केलेलं. मला कामचुकार माणसं आवडतात, ती लवकर सापडतात. ह्या कर्तव्यदक्ष लोकांनी मला अगदी जेरीला आणलं होतं. बाई तासातासाला येऊन नुसत्या दारात उभ्या राहायच्या. विचारायच्या काही नाहीत, त्यानं मी आणखी चिडायचो.

तेवढ्यात घरून फोन आला. बायकोचा. तिला माझ्या चौकशीत काडीचा रस नाही, आणि ते बरंच आहे.

"धाकटा ह्या रविवारीही येणार नाही म्हणतोय," ती म्हणाली. "तिसरा रविवार. तुमच्या लेकीनं त्याला रोज डबा पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून हे सुरू झालंय. आधी कसा धावत यायचा! जाताना माझं पाणी भरून द्यायचा, दिवे बदलून द्यायचा. आता जागेवर पोट भरतंय म्हटल्यावर आईची आठवण कशाला येईल?"

"त्याला ओरडतो मी."

"त्याला कशाला? तिला सांगा, डबा बंद कर म्हणावं. तिचा जीव चांगला आहे हो, पण तिच्या चांगुलपणानं माझं घर बंद पडलं."

मी फोन कानाला लावून तसाच बसून राहिलो. ती दोनदा "ऐकताय ना?" म्हणाली. मी ऐकत होतो, पहिल्यांदाच नीट ऐकत होतो.

प्रयोगशाळेत जाऊन मी बाईंना विचारलं, "कुंडीतल्या गवताला जागेवर आयतं अन्न मिळालं तर ते बुरशीला पोसेल का?"

"नाही. म्हणून तर लाल पाटी आहे. फॉस्फेट भरपूर मिळालं की झाड बुरशीला साखर देणं थांबवतं. तिला आत घेतच नाही. गवत जोमात येतं आणि बुरशी उपाशी मरते. पण खत कुणी..."

"म्हणजे जी कुंडी जास्त हिरवी तिच्यात बुरशी कमी."

"हो."

"आणि जी पिवळी?"

बाईंच्या हातातली काचपट्टी टेबलावर पडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या कुंड्या आजारी म्हणून त्यांनी वर्षभर उघडूनही पाहिल्या नव्हत्या, त्याच काय त्या शाबूत असण्याची शक्यता होती.

आम्ही दोघं शेडकडे पळालो. माझ्या गुडघ्यांसकट. शेवटच्या रांगेच्या टोकाला जमिनीवर चार गोल ओले डाग होते. कुंड्या नव्हत्या.

६

"साहेब म्हणाले आजच टाक," झारीकाका म्हणाले.

"कुठे टाकल्यात?" बाईंचा आवाज फाटला.

"माती वाफवून खड्ड्यात टाक म्हणाले होते."

बाई खालीच बसल्या. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "टाकवलं नाही हो मला. मरतुकड्या असल्या तरी जीव आहे त्यांत. पंपघराच्या मागे सावलीत ठेवल्यात. साहेबांना सांगू नका."

मी आयुष्यात कुठल्याही सरकारी आज्ञाभंगावर इतका खूश झालो नव्हतो.

पुढचा दीड तास बाई कामात बुडाल्या. जमीन तपासायची पेटी काढली. पहिल्या रांगेतल्या कुंडीची माती पाण्यात ढवळून, गाळून, वर दोन थेंब टाकले. पाणी निळंशार झालं. "फॉस्फेट," त्या पुटपुटल्या. मग पिवळ्या कुंडीची माती. तेच थेंब. पाणी जवळजवळ जसंच्या तसं राहिलं.

मग पिवळ्या कुंडीतली मुळं उकळली, रंगवली, काचेवर ठेवली. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. मला भीती वाटू लागली. शेवटी त्या बाजूला झाल्या आणि मला खूण केली.

मुळाच्या आत निळे धागे पसरले होते आणि जागोजाग त्यांना बारीक फांद्या फुटल्या होत्या.

"आहे," बाई म्हणाल्या. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "थोडंच आहे. अजून बीजाणू धरलेले नाहीत. बीजाणू म्हणजे हिची बी. ती धरली की मग कोरडी मातीही जपून ठेवता येते. पण आत्ता पाणी तुटलं आणि गवत मेलं, तर सगळं संपलं. अजून चार महिने सांभाळायला हवं." मग त्यांचा चेहरा पुन्हा ओढला गेला. "पण खत घातलं कुणी?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी सांगतो. सगळ्यांसमोर."

७

सोमवारी संचालकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. झारीकाका बसायला तयार नव्हते, दाराशी उभे राहिले.

"सतरा महिन्यांपूर्वीची एक चिठ्ठी आहे," मी सुरुवात केली. "बाईंनी लिहिलंय, साबणाच्या पाण्यानं काच लख्ख होत नाही, पावडर मागवा. भांडारबाईंनी मागवली, आणि मागितली त्याहून चांगली मागवली. ह्या खोक्यावर लिहिलंय, तिच्यात फॉस्फेट आहे. बाई आपली भांडी सात वेळा धुवायला लावतात. ते पाणी पूर्वी गटारात जायचं."

संचालकांची खुर्ची करकरली.

"मग त्याच महिन्यात हे परिपत्रक निघालं." मी कागद टेबलावर ठेवला. "'काचसामान धुतलेले पाणी वाया न घालवता पिंपात साठवावे व रोपांना द्यावे.' खाली साहेबांची सही. काका पिंपातून पाणी घालतात. पिंप छत्तीस कुंड्यांना पुरतं. उरलेल्या चार कुंड्यांना नळाचं पाणी. दीड वर्षं रोज, छत्तीस कुंड्यांना पाण्याबरोबर खत मिळत होतं. ते गोणीतून आलं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. कुंड्या हिरव्या होत गेल्या, म्हणून कुणाला शंका आली नाही. ज्या निरोगी होत्या त्या पिवळ्या दिसल्या, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना कुणी हात लावला नाही."

"रोपांना द्यावे म्हणजे रोपवाटिकेतल्या रोपांना!" संचालक उसळले. "कुंड्यांना द्या असं मी कुठे लिहिलंय?"

"कुंड्या सोडून द्या, असंही कुठे लिहिलेलं नाही. पण परिपत्रक सगळ्यांनी वाचलंय. मागे 'वाचले' म्हणून सह्या आहेत."

बाईंनी कागद उलटा केला. त्यांची सही सगळ्यात वर होती, सुबक, तारखेसकट.

"मी वाचलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "वाचलं असतं तर तिथल्या तिथे अडवलं असतं. त्या दिवशी अकरा कागद होते सहीला."

"पाणी मी घातलं," दारातून काका म्हणाले. "माझं नाव घाला. माझं नोकरीचं एकच वर्ष राहिलंय."

"पावडर मी आणली," भांडारबाई म्हणाली.

मी माझा फॉर्म पुढे ओढला. एकच नाव! चार माणसांनी चार चांगली कामं केली आणि त्यांतून तीन हजार रोपांचा मुडदा पडला. हे त्या दोन बोटं रुंद रकान्यात कसं मावणार? "परिपत्रक काढणाऱ्यानं तज्ज्ञाला विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "मी संचालकांचं नाव लिहितोय."

"लिहा," संचालक म्हणाले. आवाज आता भरदार नव्हता, बारीक आणि धारदार होता. "मी लगेच फेरचौकशी मागतो. नियम तुम्हाला माहीत आहे. फेरचौकशी संपेपर्यंत जागा सील. आत कुणी जायचं नाही. पाणी घालायलासुद्धा नाही."

नियम मला माहीत होता. फेरचौकशी तीन महिन्यांच्या आत संपल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझं लिहा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

"नमुन्याचा नियम माझा. पावडर माझ्या हट्टानं आली. सही माझी. खोटं काय आहे त्यात?" त्या संचालकांकडे वळल्या. "मी तक्रार करणार नाही, फेरचौकशी मागणार नाही. आजच जाते. तुमचं मानपत्र भिंतीवर राहू द्या. पण अहवालात दोन ओळी जातील. चार कुंड्या शेडमध्येच राहतील आणि काका त्यांना नळाचं पाणी घालतील. उरलेल्या छत्तीस वाफवायच्या नाहीत, त्यांनाही नुसतं नळाचं पाणी द्यायचं. मान्य?"

"मान्य," संचालक इतक्या चटकन म्हणाले की मलाच लाज वाटली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची हौस नाही मला," मी ओरडलो. खरंच ओरडलो. "असला अहवाल मी पस्तीस वर्षांत लिहिलेला नाही!"

"संन्याशाचं काय व्हायचं ते होऊ द्या," बाई म्हणाल्या. "तुमचं पेन चालतंय ना? नाहीतर माझं घ्या."

मी लिहिलं. त्यांचं नाव खोटं नव्हतं, फक्त एकटं होतं. माझा संताप त्याचाच होता आणि तो कुणावर काढावा तेही मला कळत नव्हतं.

८

बाईंना साडेपाचपर्यंत आवार सोडायचं होतं. मी निघण्याआधी प्रयोगशाळेत डोकावलो, क्षमा मागायची होती म्हणून. आत गेल्यावर मागता आली नाही.

त्या झारीकाकांना सूक्ष्मदर्शक दाखवत होत्या. काका वाकत होते, डोळे चोळत होते, परत वाकत होते. "बाई, धुकंच दिसतं हो," ते शेवटी म्हणाले. "मोतीबिंदू आहे माझ्या दोन्ही डोळ्यांत. पाणी घालीन, जिवापाड घालीन. पण हे माझ्यानं व्हायचं नाही."

दर महिन्याला मुळं बघितल्याशिवाय विरजण जगतंय की जातंय हे कळणार नव्हतं, एवढं आता मलाही समजत होतं.

भांडारबाई पुठ्ठ्याची पेटी घेऊन आली. वहिनीचं सामान भरायला तिला पाठवलं होतं. तिनं पेटी खाली ठेवली आणि तिच्यात काहीच भरलं नाही.

"वहिनी," ती म्हणाली. तीन वर्षांत त्या खोलीत तिनं मारलेली ती पहिली हाक असावी. "मला शिकवा."

"तुला साध्या बाटल्या..." बाई सवयीनं म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या.

"नाही येत मोजता. म्हणूनच शिकवा म्हणतेय."

काका हळूच बाहेर गेले. जायला मीही हवं होतं, पण माझा पाय निघाला नाही. बाई स्टुलावरून उठल्या आणि नणंदेला खांद्याला धरून तिथे बसवलं. तिनं चष्मा वर सारला, डावा डोळा गच्च मिटला आणि वाकली.

"डोळा मिटू नकोस," बाई म्हणाल्या. "नवखे सगळे एक डोळा मिटतात आणि दमून जातात. दोन्ही उघडे ठेव. हा खालचा स्क्रू फिरव. हळू. अगदी हळू."

"काहीच दिसत नाही वहिनी."

"दिसेल. घाई करू नकोस." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाचपर्यंत आहे मी."